परतीचे तेल : जुन्या इंग्रजी मोटारसायकलींचे निदान

ग्वाल्हेरचे लष्कर हे नावाप्रमाणेच मूळचे छावणीचे शहर होय. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, तंबूंची घरे झाली, घरांभोवती गंज म्हणजे बाजारपेठा वसल्या, आणि फौजेचा वाचक शब्द शहराचे नाव होऊन बसला. इंदरगंज हा त्याच लष्कराचा भाग. फौजेमागून दुरुस्तीचे धंदे येतात. लोहार, सुतार, शिकलगार आणि नालबंद आले. काळ पालटला तसे रेल्वेचे आणि मोटारींचे फिटर आले. माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांस यंत्रांचा विलक्षण नाद होता. त्यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेरहून भिंड, शिवपुरी आणि श्योपूर या दिशांनी दोन फूट रुंदीच्या रुळांवर आगगाडी धावू लागली. ग्वाल्हेरचे नाव धारण करणारी ‘ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी’ तर थेट दिल्ली शहरातील बसगाड्या चालवीत असे. मे १९४८ मध्ये केंद्र सरकारने ते काम आपल्याकडे घेतले.

अशा शहरातून आजही एखादी जुनी बुलेट संथ ठोके देत जाते तेव्हा लोक तिच्या आवाजाचे कौतुक करतात. आम्हांस मात्र त्या आवाजामागे दडलेल्या एका मूक व्यवहाराविषयी लिहावयाचे आहे. इंजिनात गेलेले तेल परत टाकीत येते किंवा नाही, आणि येत नसल्यास का येत नाही, हे ओळखण्याची एक स्वतंत्र विद्या जुन्या मिस्त्रींपाशी होती. ही विद्या छापील पुस्तकांत थोडी आणि हातांत फार राहिली. तिच्या अभावी कित्येक चांगली इंजिने रोगाने मेली नाहीत. चुकीच्या उपचाराने मेली. म्हणूनच तिचा इतिहास सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रारंभीच्या मोटारसायकलींत तेल परत येण्याचा प्रश्नच नव्हता. देवळातील नंदादीपात घातलेले तेल जसे ज्योतीला वाहून संपते, तसे त्या इंजिनात घातलेले तेल जळून अथवा गळून संपत असे. टाकीवर एक हातपंप असे. स्वाराने काही मैल गेल्यावर त्याची दांडी एकदा दाबावयाची आणि तेवढे तेल इंजिनाच्या तळात सोडावयाचे. चढ लागला तर एक दाब अधिक. सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला की तेल पुरेसे पोहोचले असे समजावयाचे. पुढे तेल थेंबथेंब सोडणारे यांत्रिक पंप आले. त्यांत काचेच्या लहान खिडकीतून थेंब पडताना दिसत, पण पडलेला थेंब परत येत नसे. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल तेलाचा मोठा बोलबाला होता. १९०९ मध्ये वेकफिल्ड यांच्या कंपनीने बाजारात आणलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ या नावातच एरंडाचे इंग्रजी नाव दडलेले आहे. आपल्या आजीबाईच्या बटव्यातील तेल इंग्लंडातील शर्यतीच्या इंजिनात गेले, ही गंमत आमच्या वाचकांस नोंदवून ठेवण्याजोगी वाटेल.

या पद्धतीचा दोष उघड होता. स्वार विसरला तर इंजिन उपाशी, अतिउत्साही असला तर ते तेलात बुडालेले. म्हणून १९२० नंतरच्या दशकात इंग्रज कारखानदार एका नव्या रचनेकडे वळले. तिला आपण कोरड्या तळाची रचना म्हणू. तेल वेगळ्या टाकीत राहते. तेथून एक पंप ते पोकळ क्रँकच्या वाटेने कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगला देतो. तेथून ते उडून सिलिंडरच्या भिंतींस लागते आणि ओघळत क्रँककेसच्या तळाशी जमते. दुसरा पंप ते तेथून उपसून टाकीत परत नेतो. वेलोसेटने १९२५ च्या सुमारास आपल्या नव्या इंजिनात ही रचना घेतली. नॉर्टनच्या गाड्यांत ती १९३१ पर्यंत सर्वत्र आली. तेव्हापासून सुमारे चाळीस वर्षे इंग्रजी मोटारसायकलीचे आयुष्य या दोन पंपांच्या जोडीवर अवलंबून राहिले.

या जोडीत एक मर्म आहे, आणि सारे निदान त्यावर उभे आहे. परत नेणारा पंप पुरवठा करणाऱ्या पंपाहून मुद्दाम मोठा केलेला असतो. जितके येते त्याहून अधिक उपसण्याची शक्ती असेल तरच तळ कोरडा राहील. यामुळे परतीचा पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, आणि टाकीतील परतीच्या नळीतून तेल थांबत थांबत, फसफसत, बुडबुड्यांसह येते. नवखा मनुष्य टाकीचे झाकण उघडून हे पाहतो आणि पंप बिघडला असा निष्कर्ष काढतो. वस्तुतः ती निरोगी इंजिनाची खूण होय. उलट चांगले तापलेले इंजिन बराच वेळ चालल्यावरही परतीची धार अखंड व बुडबुड्यांविना पडत राहिली, तर तळात तेल साचून आहे आणि पंप मागे पडत आहे असा संशय घ्यावा.

प्रत्येक कारखान्याने ही जोडी आपापल्या परीने घडविली, आणि प्रत्येकीचा आजारही वेगळा झाला. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. आणि नॉर्टन यांनी दातेरी चाकांचे पंप वापरले. हे पंप सोपे व टिकाऊ. परंतु चाके आणि त्यांचे घर यांत झिजेने फट पडली की उभ्या गाडीत तेल त्या फटीतून आपल्या भाराने खाली झिरपते. ट्रायंफच्या जुळ्या सिलिंडरांच्या गाड्यांत, म्हणजे १९३७ मध्ये प्रथम आलेल्या स्पीड ट्विनपासून पुढे, दोन लहान दट्ट्यांचा पंप होता. परतीचा दट्ट्या जाड, पुरवठ्याचा बारीक. प्रत्येकाखाली एक पोलादी गोळी झडपेचे काम करी. त्या गोळीखाली कचऱ्याचा एक कण बसला की पंप हलत राहतो आणि काम मात्र होत नाही. मॅचलेस व ए.जे.एस. यांच्या एकसिलिंडरी गाड्यांत एकच दट्ट्या एकाच वेळी फिरे आणि मागेपुढेही सरके. हा पंप क्वचितच झिजे. पण त्याला दिशा देणारी खुंटी प्रथम न काढता कोणी दट्ट्या ठोकून बाहेर काढू गेला की पंपाचा नाश ठरलेला. रॉयल एन्फिल्डने तर टाकीच क्रँककेसच्या ओतकामात सामावून घेतली, आणि डोलणाऱ्या गोल तबकड्यांचे पंप वर्म गिअरने चालविले. ती तबकडी स्प्रिंगच्या दाबाने सपाट पृष्ठास चिकटून राहते. पृष्ठास चर पडला वा मध्ये कचरा शिरला की दाब गेला.

ही यंत्रे आपल्या देशात मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने. बी.एस.ए.ने एम २० नावाच्या गाड्या युद्धकाळात सुमारे १,२६,००० बनविल्या. नॉर्टनची १६ एच आणि मॅचलेसची जी ३ एल याही लष्करी गाड्याच. हिंदुस्थानातील फौजांकडे या तिन्ही होत्या. युद्ध संपल्यावर शिल्लक माल विक्रीस निघाला आणि त्या नागरी हातांत आल्या. त्यांच्यासोबत इंग्रजी माहितीपुस्तके क्वचितच आली. मिस्त्रींनी ही इंजिने उघडून, चुकून, पुन्हा जुळवून समजून घेतली, आणि जे समजले ते शागिर्दांना तोंडी दिले.

पुढचा टप्पा बुलेटचा. १९४८ मध्ये रॉयल एन्फिल्डने रेडिच येथील नवी ३५० सी.सी. बुलेट प्रदर्शनात मांडली. भारतीय सेनेने सीमेवरील गस्तीसाठी ही गाडी पसंत केली, आणि १९५५ मध्ये मद्रासेत एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. प्रथम इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडले जात. १९६२ पर्यंत सर्व भाग येथेच बनू लागले. इंग्लंडात रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० मध्ये तेथील उत्पादन संपले. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे मात्र तेच बिडाचे इंजिन, त्याच दुहेरी पंपांसह, २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिले. जन्मभूमीत विझलेली ही परंपरा आपल्या देशात आणखी चाळीस वर्षे जिवंत राहिली, आणि तिच्याबरोबर तिचे निदानही जिवंत ठेवण्याचे उत्तरदायित्व आपल्याकडे आले.

आता प्रत्यक्ष निदानाकडे वळू. आपल्या वैद्यकात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ याच विषयास वाहिलेला आहे. चांगल्या मिस्त्रीने या ग्रंथाचे नावही ऐकलेले नसेल. तरी त्याची रीत पाहता तो याच क्रमाने चालतो असे आढळते.

प्रथम रोगाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत, कारण दोहोंचे रूप एकच आणि कारण भिन्न असते. दोन्हींत तळ तेलाने भरतो, किक जड जाते, धूर निघतो, श्वासनळीतून तेल बाहेर फेकले जाते. पहिला रोग उभ्या गाडीचा. गाडी महिनाभर उभी राहिली, टाकीतील तेल पुरवठ्याच्या पंपातून हळूहळू तळात उतरले. येथे परतीचा पंप निर्दोष असतो. इंजिन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो सारे तेल वर नेतो आणि धूर थांबतो. दुसरा रोग चालत्या गाडीचा. सुरुवातीस सर्व ठीक, पण दहा-वीस मैलांनंतर टाकी रिकामी होत जाते आणि तळ भरत जातो. येथे दोष परतीच्या बाजूस आहे. हा भेद न करता जो पाना उचलतो, तो झिजलेल्या पुरवठ्याच्या पंपासाठी परतीचा निरोगी पंप खोलतो.

पहिल्या रोगातील सर्वांत मोठा घात अज्ञानाचा. मालक सकाळी टाकीत वा पट्टीवर पाहतो, तेल कमी दिसते, म्हणून तो आणखी अर्धा लिटर ओततो. तळातील तेल वर परतले की टाकी ओसंडते आणि रस्ता, चाक व कपडे तेलाने माखतात. म्हणून जुना नियम असा की तेलाची पातळी इंजिन चालवून, तेल परत आल्यानंतरच पाहावी. काही जण टाकीखालच्या नळीत एक तोटी बसवितात आणि गाडी उभी असताना ती बंद ठेवतात. उपाय प्रभावी आहे, पण तोटी उघडण्यास एकदा विसरल्यास बेअरिंग काही मिनिटांत जळते. मूळ रोगाने इंजिन मरत नाही, या औषधाने मरते. तोटी बंद असताना इंजिन सुरूच होऊ नये अशी जोड ज्यांनी तिला दिली, तेच खरे सुज्ञ होत.

दुसऱ्या रोगात पूर्वरूप पाहावे: धूर कधी निघतो, गळती कोठून होते, टाकीतील पातळी किती अंतरानंतर उतरते. मग उपशय, म्हणजे लहान प्रयोग करून पाहणे. इंजिन तापवून बंद करावे, लगेच तळाचा बोल्ट काढून खालचे तेल भांड्यात घ्यावे. ढोबळमानाने अर्धी वाटी निघाल्यास चिंता नाही; भांडे भरू लागले तर परतीचा मार्ग अडलेला आहे. यानंतर कारणांचा शोध स्वस्तातील कारणापासून महागातील कारणाकडे न्यावा. प्रथम तळाची जाळी: चंबळकाठची बारीक धूळ, गॅस्केटचे तुकडे आणि सिमेंटसारखा लेप येथेच बसतो, रॉकेलने धुवावी. मग नळ्या: मागील दुरुस्तीत पुरवठ्याची आणि परतीची नळी एकमेकींच्या जागी लागली नाही ना? हा दोष वाटतो त्याहून पुष्कळ आढळतो. मग टाकीतील परतीचे भोक चोंदले आहे का. मग हवा: परतीचा पंप तळातून तेल ओढतो, आणि त्या वाटेत तडकलेली नळी किंवा सैल गॅस्केट असेल तर तो तेलाऐवजी हवाच ओढत राहतो. बी.एस.ए.च्या ओढनळीत एक गोळी असते. बारीक तार खालून घालून ती उचलावी आणि सोडावी. टक्कन खाली पडल्याचा आवाज आला तर ठीक, न आल्यास गोळी वर चिकटलेली आहे. कित्येकदा सारा रोग एवढ्याच गोळीत असतो आणि उपचारास पाच मिनिटे पुरतात.

क्रँककेसची श्वासनळीही विसरू नये. दट्ट्या खाली येताना खालची हवा दाबतो. ती सुटण्यास वाट नसेल, अथवा दट्ट्याच्या कड्या झिजून जळका वायू खाली उतरत असेल, तर तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. मालक सांधे बदलीत बसतो आणि गळती जागा बदलीत राहते. हे सर्व पाहून झाल्यावरच पंपाला हात घालावा. ट्रायंफचा पंप असल्यास तो तेलाने भरून दट्ट्या बोटाने दाबावा आणि गोळ्या तेल धरून ठेवतात का पाहावे. एन्फिल्डची तबकडी असल्यास ती बारीक पेस्टने आपल्या पृष्ठावर हलकेच घासून पुन्हा बसवावी.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्हांस अवश्य वाटते. परत येणारे तेल दिसले म्हणजे सर्व कुशल आहे असे मानण्याकडे मनाचा कल असतो. बुलेटमध्ये पुरवठ्याचे तेल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरते, आणि त्या सांध्यावर बुचाचा एक लहान सील असतो. तो खराब झाला तर तेल बेअरिंगपर्यंत न जाता तेथूनच गळून तळात येते. परतीचा पंप ते इमानाने वर नेतो. टाकीत धार सुरेख दिसते आणि बेअरिंग उपाशी मरते. परतीचे तेल पंप फिरत असल्याची साक्ष देते. तेल योग्य वाटेने गेले याची साक्ष ते देऊ शकत नाही. म्हणून टायमिंग कव्हर जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा हा काही पैशांचा सील नवा बसविण्याची शिस्त जुन्या मिस्त्रींनी घालून दिली. शेवटची पायरी, संप्राप्ती, ती हीच: तेल कोठून निघाले, कोणत्या वाटेने गेले आणि कोठे चुकले, याचे संपूर्ण चित्र मनात उभे करणे.

हवामानाचाही विचार करावा लागतो. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. पातळ झालेले तेल उभ्या गाडीत लवकर झिरपते. गोव्यात व कोकणात पावसाळाभर गाडी पडवीत झाकून ठेवतात आणि चवथीच्या सुमारास बाहेर काढतात. तेवढ्या अवधीत तळ भरलेला असतो, आणि दमट हवेचे पाणी तेलात मिसळून त्याला दुधी रंग आलेला असतो. अशा वेळी एकदम किक न मारता प्रथम तळाचा बोल्ट काढून तेल सोडावे आणि दुधी तेल टाकून द्यावे, हे उत्तम.

आता ही विद्या ओसरत का चालली, तेही पाहू. जावा व राजदूत या १९६० नंतर देशात पसरलेल्या गाड्या दुटप्प्यांच्या. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळून जळते, परतीचा प्रश्न नाही. १९८५ पासून आलेल्या हीरो होंडासारख्या चौटप्पी गाड्यांत तेल तळातच राहते आणि एकच पंप ते फिरवितो. तेथेही टाकी नाही, परतीची नळी नाही. अशा गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री भरलेला तळ पाहून तो योग्यच समजतो, कारण त्याच्या सवयीच्या गाडीत तळ भरलेलाच असतो. त्याची बुद्धी कमी नाही. त्याला कोणी हा भेद सांगितलेला नाही. ज्यांनी सांगावयाचे ते आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्यापाशी बसून, त्यांच्या हातांचा क्रम पाहून, मराठीत आणि कोंकणीत तो लिहून ठेवणे हे काम लहान दिसले तरी करण्यासारखे आहे. देवळाच्या जीर्णोद्धारात आपण जुन्या गवंड्याची रीत टिपून ठेवतो, तसेच हे.

खंडेनवमीस आणि दसऱ्यास आपल्याकडे शस्त्रांबरोबर अवजारांची व वाहनांची पूजा होते. जुन्या बुलेटला झेंडूची माळ पडते, कुंकू लागते, नारळ फुटतो. त्या दिवशी माळ घालण्यापूर्वी गाडी थोडी चालवून आणावी आणि इंजिन तापल्यावर तेलाची पातळी पाहावी, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे. पातळी जागेवर असेल तर पूजा निश्चिंतपणे करावी. नसेल तर तेल ओतण्याची घाई न करता ते कोठे अडले याचा शोध घ्यावा, आणि तो शोध तळाच्या जाळीपासून सुरू करावा.